शुगर असताना ताठरता कमी होते तेव्हा: कारणं, गोळी लागू का पडत नाही आणि पुढे काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४७, शुगर नऊ वर्षांपासून, तीन महिन्यांची टेस्ट म्हणजे एचबीएवनसी ८.९, मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड चालू, बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली गोळी, दिवसाला पाच-सहा सिगरेटी. गेल्या दीड वर्षात लिंगाला पूर्वीसारखा कडकपणा येत नाही, आला तरी मध्येच जातो. मेडिकलमधून सिल्डेनाफिल ५० (व्हायग्रातलं औषध, ५० मिलिग्रॅम) आणून दोनदा घेतली, काहीच फरक नाही. आता विचारतायत की हे शुगरच्या गोळ्यांमुळे झालं का, कायमचं आहे का, याच्यापेक्षा जास्त पॉवरची गोळी कोणती, आणि बायकोला वाटतंय की बाहेर काहीतरी चालू आहे तर तिला काय सांगू.

मी बरीच वर्षं डायबेटिसचेच पेशंट बघतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कारण एका गोळीचं नाव सांगून हे संपणारं नाहीये.

पहिली गोष्ट, हे तुमच्या शुगरच्या डॉक्टरांना सांगितलंत का? प्रश्नात तसं कुठे दिसलं नाही. ओपीडीत कायम दिसणारं दृश्य सांगतो. रिपोर्ट बघून झाले, पाय तपासून झाले, प्रिस्क्रिप्शन हातात दिलं, बायको बिल द्यायला बाहेर गेली, माणूस उठून दारापर्यंत जातो, कडीला हात लावतो आणि तिथूनच म्हणतो, "डॉक्टर, अजून एक छोटंसं विचारायचं होतं." ते छोटंसं म्हणजे बहुतेक वेळा हेच असतं, आणि वर्ष-दोन वर्षं मनात ठेवून झालेलं असतं. यात आम्हा डॉक्टरांचीही चूक आहे, दरवर्षी डोळ्याचा पडदा बघतो, लघवीतलं प्रोटीन बघतो, पायाच्या संवेदना बघतो, मग पुरुष पेशंटला हा एक प्रश्न स्वतःहून विचारायला काय हरकत आहे? पण कोणी विचारलं नाही तर तुम्ही सांगा. खुर्चीवर बसल्याबसल्या सांगा, दारात नको, म्हणजे नीट वेळ देता येतो.

तुम्ही एकटे नाही हे आकड्यात सांगतो. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतात अंदाजे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. शुगर असलेल्या पुरुषांत ही तक्रार बाकीच्यांच्या साधारण तिप्पट आढळते, कमी-जास्त प्रमाणात बघितलं तर जवळपास निम्म्या पुरुषांना असते, आणि इतरांपेक्षा १० ते १५ वर्षं आधी सुरू होते. म्हणजे ४७ व्या वर्षी तुम्हाला हे होणं यात तुमच्या पुरुषत्वाचा काही संबंध नाही, लहानपणी काय केलं त्याचाही नाही, हस्तमैथुनाचा तर अजिबात नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण चाळिशी-पन्नाशीतली शिकलेली माणसंसुद्धा खालच्या आवाजात हा प्रश्न विचारतात आणि उगाच अपराधी वाटून घेतात.

आता आत नेमकं काय बिघडतं ते बघू, कारण हे कळलं की औषध कसं घ्यायचं तेही कळतं.

लिंगात दोन लांबट स्पंजसारखे भाग असतात. एरवी त्यातले स्नायू आवळलेले असतात म्हणून रक्त थोडंच येतं. मनात इच्छा आली, स्पर्श झाला की मज्जातंतूंतून निरोप येतो, नसांच्या टोकाला आणि रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो, त्यामुळे सीजीएमपी नावाचं रसायन वाढतं, स्नायू सैल पडतात, रक्त आत भरतं, आणि भरलेला स्पंज बाहेर जाणाऱ्या शिरांना दाबून धरतो म्हणून रक्त आत टिकतं. काम झालं की पीडीई-५ नावाचं एन्झाइम ते सीजीएमपी मोडून टाकतं आणि सगळं पूर्ववत. नायट्रिक ऑक्साइड शरीरात असा निरोप्या म्हणून काम करतो हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ चं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी सिल्डेनाफिल अमेरिकेत बाजारात आली. ही गोळी मुळात छातीच्या दुखण्यासाठी, अंजायनासाठी तपासली जात होती, त्या चाचण्यांमध्ये हा दुसराच परिणाम दिसला.

बरीच वर्षं वाढलेली शुगर यातल्या एकेका पायरीवर मार देते. रक्तवाहिनीचं अस्तर खराब झालं की नायट्रिक ऑक्साइड कमी तयार होतो. मज्जातंतू खराब झाले, म्हणजे पायाला मुंग्या येतात तोच न्यूरोपथीचा आजार इथल्या नसांना झाला, की निरोपच नीट पोचत नाही. धमन्यांत चरबी साचली की रक्त कमी येतं. स्पंजमधले स्नायू कमी होऊन तिथे कडक तंतू वाढले की तो पूर्ण फुगत नाही, मग शिरा दाबल्या जात नाहीत आणि आलेलं रक्त निसटून जातं, "मध्येच जातो" असं तुम्ही लिहिलंय त्यामागे हे असू शकतं. त्यात पोटाचा घेर वाढलेला असेल तर टेस्टोस्टेरॉन खाली येतं, इच्छाच कमी होते. सिगरेट अस्तराला वेगळी मारते. आणि एक-दोनदा जमलं नाही की तिसऱ्या वेळी डोक्यात भीती घेऊनच माणूस अंथरुणावर जातो, भीतीने ॲड्रिनलिन वाढतं, ॲड्रिनलिन तेच स्नायू आवळून धरतं. म्हणून शुगरवाल्या पेशंटमध्ये हे शरीराचं की मनाचं असा वाद घालण्यात फार अर्थ नसतो, बहुतेकांत दोन्ही असतं. तरी एक ढोबळ खूण आहे, पहाटे झोपेत किंवा उठताना कडकपणा येतो का बघा. तेव्हा छान येतो, एकट्याने असताना येतो, फक्त जोडीदाराबरोबर जात असेल आणि हे सगळं एकाएकी सुरू झालं असेल तर मनाचा भाग जास्त. हळूहळू वर्ष-दीड वर्षात कमी होत गेलं आणि पहाटेचाही गेला तर रक्तवाहिन्या आणि नसा जास्त. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकाराकडे झुकतंय.

इथे थांबून एक गोष्ट फार गांभीर्याने सांगायची आहे. लिंगाच्या धमन्या साधारण १ ते २ मिलिमीटर रुंद, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटर. अस्तराचा आजार दोन्हीकडे एकच असतो, पण बारीक नळी आधी तुंबते. त्यामुळे बऱ्याच पुरुषांत ही तक्रार हार्टच्या त्रासाच्या दोन ते पाच वर्षं आधी येते. ४७ वय, शुगर, बीपी, सिगरेट आणि त्यात ही तक्रार, असा पेशंट समोर आला की मी आधी त्याच्या हृदयाचा विचार करतो. ईसीजी, लिपिड प्रोफाइल, लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन हे करायचंच, आणि चालताना दम लागतो का, छाती भरून येते का, जिना चढताना जबडा किंवा डावा हात दुखतो का हे विचारायचं. २० मिनिटं भरभर चालून दोन मजले जिने त्रास न होता चढता येत असतील तर संबंध ठेवायला हृदयाची सहसा हरकत नसते. होत नसेल तर आधी कार्डिओलॉजिस्ट, स्ट्रेस टेस्ट, मग गोळीचं बोलू. शुगरवाल्यांना हार्टचं दुखणं कधीकधी दुखतच नाही, नुसता दम लागतो किंवा थकवा येतो, हेही लक्षात ठेवा.

तुमचा पहिला प्रश्न, शुगरच्या गोळ्यांमुळे झालं का. नाही. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनमुळे हे होत नाही, आणि हा गैरसमज इतका पसरलाय की लोक गोळ्या बंद करून बसतात आणि सहा महिन्यांनी एचबीएवनसी ११ घेऊन येतात, ताठरता आणखी गेलेली असते. मेटफॉर्मिनबद्दल एवढंच, की खूप वर्षं घेतली तर काहींचं बी-१२ कमी होतं, शाकाहारी माणसात जास्तच, आणि बी-१२ कमी असेल तर नसांचा त्रास वाढतो. टेस्ट करून घ्या, कमी असेल तर भरून काढता येतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्यांनी ताठरता जात नाही, पण पुढच्या कातडीखाली बुरशीचं इन्फेक्शन होऊ शकतं, कातडीला बारीक चिरा पडतात, ती आवळते, मागे सरकत नाही, संबंधाच्या वेळी आग होते आणि मग माणूस टाळायलाच लागतो. हे लाजून लपवलं जातं. साधं मलम, रोज पाण्याने धुऊन कोरडं ठेवणं आणि शुगर कंट्रोल एवढ्यावर बऱ्याच जणांचं बरं होतं, फारच आवळलं असेल तर सुंता करावी लागते, छोटं ऑपरेशन आहे.

खरी शंका घ्यायची ती तुमच्या बीपीच्या गोळीतल्या क्लोरथॅलिडोनवर. ही लघवी वाढवणारी औषधं, तसंच ॲटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉलसारखी जुनी बीटा-ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन, डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या, केस गळतीसाठी किंवा प्रोस्टेटसाठी घेतलेली फिनास्टराइड यांनी काहींमध्ये फरक पडतो. टेल्मिसार्टनने सहसा पडत नाही. पण कृपा करून स्वतः बंद करू नका, बीपी वाढलं तर त्याच धमन्या आणखी खराब होतात. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की ही तक्रार या गोळीनंतर वाढली असं वाटतंय, बदलता येईल का. बऱ्याचदा बदलता येते. तक्रार गोळीच्या आधीपासून असेल तर नुसतं बदलून फार फरक पडणार नाही हेही मान्य करून ठेवा.

टेस्टमध्ये अजून एक महत्त्वाची, टोटल टेस्टोस्टेरॉन. सकाळी ८ ते १० च्या मध्ये, उपाशीपोटी, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. दुपारी चार वाजता दिलेल्या रक्तावर निदान करायचं नाही. दोन्ही वेळा ३०० एनजी/डीएलच्या खाली असेल आणि इच्छाही कमी झाली असेल तर पुढे एलएच आणि प्रोलॅक्टिन ही हार्मोन आणि थायरॉइड बघायचं. वजन जास्त असलेल्या टाइप २ पेशंटमध्ये हे प्रमाण बरंच आहे, चारात एकाच्या आसपास तरी. खरंच कमी असेल तर टेस्टोस्टेरॉन द्यायचं असतं आणि त्याने गोळीचाही परिणाम सुधारतो. नॉर्मल असताना "ताकदीचं इंजेक्शन" म्हणून घेऊ नका. आणि हे वाचणाऱ्या तरुण पेशंटसाठी, ज्यांना अजून मूल हवंय त्यांनी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन किंवा जेल घेऊच नये, त्याने शुक्राणू बनणं बंद पडू शकतं. हे कोणी सांगत नाही आणि मग वर्षभराने जोडपं आयव्हीएफ सेंटरला फिरत बसतं.

लिंगाचा डॉप्लर सगळ्यांना लागत नाही. इंजेक्शन देऊन कृत्रिम ताठरता आणून रक्ताचा वेग मोजतात, वेग सेकंदाला २५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर धमन्या कमी पडतायत. गोळ्यांनी काम झालं नाही, ऑपरेशनचा विचार आहे किंवा माणूस अगदी तरुण आहे तेव्हा त्याचा उपयोग. पहिल्याच भेटीत तीस टेस्टचं पॅकेज कोणी हातात दिलं तर जरा थांबा.

कायमचं आहे का, हा प्रश्न. स्वच्छ उत्तर असं की नसा आणि स्नायूंचं जे नुकसान होऊन गेलंय ते पूर्ण मागे फिरेल असं मी सांगणार नाही. पण पुढे वाढणं थांबवता येतं, काही भाग सुधारतो, आणि उरलेल्यासाठी उपाय आहेत, त्यामुळे संबंध ठेवता येणं जवळपास प्रत्येकाला शक्य आहे. एचबीएवनसी ८.९ वरून ७ च्या आसपास आणा, एका महिन्यात झपाट्याने नको, तीन-सहा महिन्यांत. सिगरेट पूर्ण बंद, "दोनवर आणली" हे चालणार नाही, तंबाखू-मिश्रीही त्यातच आली. रोज ३०-४० मिनिटं घाम येईल असं चालणं, आठवड्यातून दोन-तीनदा वजनाचे व्यायाम, पोट कमी करणं. घोरत असाल, दिवसा पेंग येत असेल तर झोपेतल्या श्वासाची तपासणी. दारू जास्त असेल तर कमी. हे सगळं ऐकायला नेहमीचंच वाटतं, पण वजन चांगलं उतरवलेल्या पेशंटमध्ये गोळीशिवाय सुधारणा झालेली मी बघितलीय, विशेषतः शुगर नवीन असताना.

आता गोळी. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे, कारण दोनदा घेऊन "लागू पडली नाही" म्हणणाऱ्यांपैकी खूप जणांची गोळी बरोबर असते, घेण्याची पद्धत चुकलेली असते. मी विचारतो, कधी घेतली? उत्तर ठरलेलं, रात्री जेवून झोपताना. जेवण काय? मटण-भाकरी, नाहीतर कुठल्या तरी कार्यक्रमाचं जेवण. सिल्डेनाफिल तेलकट जेवणावर घेतली की उशिरा आणि कमी शोषली जाते. मग गोळी घेऊन पंधरा मिनिटांत प्रयत्न केला, झालं नाही, निराश होऊन झोपले. किंवा गोळी घेऊन टीव्ही बघत बसले की आपोआप होईल. आपोआप होत नाही. ही गोळी सीजीएमपी मोडणाऱ्या एन्झाइमला अडवते, पण सीजीएमपी तयार व्हायला आधी इच्छा, स्पर्श, जवळीक लागतेच, निरोपच निघाला नाही तर गोळी अडवणार कशाला?

म्हणून अशी घ्या, अर्थात डॉक्टरांनी हृदय आणि बाकी औषधं बघून हो म्हटल्यावर. सिल्डेनाफिल रिकाम्या पोटी किंवा जेवणाच्या आधी, संबंधाच्या साधारण एक तास आधी. परिणाम चार-पाच तास राहतो त्यामुळे घाई नको. ५० ने झालं नाही आणि त्रासही झाला नाही तर डॉक्टर १०० करतात, दिवसातून एकदाच, त्याच्या वर नाही. योग्य पद्धतीने, पूर्ण डोसवर, सहा-आठ वेळा वेगवेगळ्या दिवशी घेऊन बघितल्याशिवाय फेल म्हणायचं नाही. पहिल्या एक-दोन वेळा भीतीच आडवी येते. दुसरी गोळी टाडालाफिल, हिचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहतो, जेवणाचा फरक पडत नाही, १० किंवा २० लागेल तेव्हा, किंवा ५ ची रोज एक. शुगरच्या पेशंटना मला रोजची ५ बऱ्याचदा जास्त सोयीची वाटते, घड्याळ लावून संबंध ठेवायचं टेन्शन राहत नाही आणि प्रोस्टेटमुळे रात्री लघवीला उठावं लागत असेल तर त्यालाही मदत होते. "जास्त पॉवरची" असं काही नसतं, एकीने नाही झालं तर दुसरी करून बघायची एवढंच.

अपेक्षाही बरोबर ठेवा. १९९९ मध्ये शुगर असलेल्या २६८ पुरुषांवर सिल्डेनाफिलचा अभ्यास आला, त्यात ५६ टक्क्यांना सुधारणा झाली, औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशाच गोळीवर १० टक्क्यांना. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांना गोळीने फायदा, पण शुगर नसलेल्यांइतका नाही. उरलेल्यांसाठी पुढच्या पायऱ्या आहेत, खाली लिहितो.

डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, ॲसिडिटी हे होतं, टाडालाफिलने कंबर-पाठ दुखते, सहसा आपोआप जातं. एकाएकी एका डोळ्याने दिसणं कमी झालं किंवा ऐकू येणं गेलं तर गोळी बंद आणि लगेच हॉस्पिटल. किडनीचा त्रास असेल किंवा वय ६५ च्या वर असेल तर सिल्डेनाफिल २५ पासून सुरुवात. अजून एक, आजकाल नायट्यासाठी, गजकर्णासाठी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल महिना-महिना चालू असतात, त्याने सिल्डेनाफिल रक्तात खूप वाढते, त्यामुळे स्किनच्या डॉक्टरांची औषधंही सांगायची. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर बीपी पडू शकतं, अंतर आणि डोस डॉक्टर ठरवतील.

आणि हे नीट वाचा, दोनदा वाचा. छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेटची कुठलीही गोळी, म्हणजे जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट, आयसोसॉर्बाइड, नायट्रोग्लिसरिन, तसंच निकोरँडिल, यापैकी काहीही चालू असेल तर सिल्डेनाफिल, टाडालाफिल अजिबात नाही. दोन्ही मिळून बीपी इतकं पडतं की जीव जाऊ शकतो. आपल्याकडे घराघरात खिशात सॉर्बिट्रेट ठेवायची सवय आहे, छातीत दुखलं की शेजारी जिभेखाली ठेवतो. म्हणून गोळी घेतल्यावर छातीत दुखलं तर सॉर्बिट्रेट घेऊ नका, १०८ ला फोन करा आणि ॲम्ब्युलन्सच्या डॉक्टरला कोणती गोळी कधी घेतली ते सांगा. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट द्यायचं नसतं. यासाठी तरी बायकोला गोळीची कल्पना असायला हवी, तुम्ही बेशुद्ध असाल तर सांगणार कोण?

ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी, संबंध म्हणजेही व्यायामच आहे. उपाशी राहून गोळी घ्यायची म्हणून जेवण पुढे ढकललं आणि ग्लिमेपिराइड मात्र वेळेवर घेतली, तर शुगर खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड झाली तर लाजू नका, थांबा, साखर खा, शुगर तपासा. रिकामं पोट म्हणजे दिवसभर उपास नव्हे, संध्याकाळी हलका नाश्ता करून दोन तासांनी गोळी घेतली तरी चालते.

बाजारातल्या चूर्णांबद्दल. शिलाजित, मुसळी, अमुक कॅप्सूल, रेल्वेच्या भिंतीवर आणि मुतारीत चिकटवलेल्या जाहिराती. १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने लैंगिक ताकद वाढवण्याचा आणि मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीवर बंदी आहे, तरी त्या दिसतात. "शंभर टक्के हर्बल" म्हणून विकलेल्या पुड्यांमध्ये सिल्डेनाफिल, टाडालाफिल मिसळलेली देशोदेशीच्या तपासण्यांत सापडली आहे. किती घातलीय माहीत नाही, आणि घेणारा बिचारा हार्टवाला असतो, सॉर्बिट्रेट खिशात असते. आयुर्वेदाच्या शिकलेल्या वैद्यांकडे जायला माझी ना नाही, फक्त जे घेताय त्याचं नाव मला कळू द्या. बिनानावाची पुडी नको.

गोळ्यांनी झालं नाही तर युरोलॉजिस्ट किंवा अँड्रॉलॉजिस्ट, म्हणजे पुरुषांच्या लैंगिक तक्रारींचे डॉक्टर. तिथे पहिला उपाय व्हॅक्युम पंप, प्लास्टिकची नळी, हवा काढली की रक्त आत येतं, मग बुडाशी रबरी रिंग चढवायची, रिंग ३० मिनिटांच्या वर ठेवायची नाही. लिंग थोडं गार आणि निळसर वाटतं, काहींना हे सगळं कृत्रिम वाटतं, पण औषध नको असलेल्या, बऱ्याच वर्षांच्या जोडप्यांना चालून जातं. शुगरमुळे संवेदना कमी असेल तर रिंगने इजा झालेली कळत नाही, तेवढं जपा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.

दुसरा उपाय लिंगात बारीक सुईने इंजेक्शन, अल्प्रोस्टॅडिल किंवा पॅपाव्हेरिन वगैरेचं मिश्रण. ऐकून सगळे घाबरतात. पण इन्सुलिन घेणारा माणूस हे लवकर शिकतो, सुई तितकीच बारीक असते. बाजूला, मध्यरेषा आणि दिसणाऱ्या शिरा सोडून टोचायचं, पाच-दहा मिनिटं दाबून धरायचं. हे औषध नसांच्या निरोपाची वाट बघत नाही, थेट स्नायू सैल करतं, म्हणून न्यूरोपथीमुळे गोळी फेल गेलेल्यांनाही लागू पडतं. पहिला डोस दवाखान्यातच. ताठरता चार तासांच्या वर राहिली तर रात्र असली तरी इमर्जन्सीला जायचं, सकाळपर्यंत थांबलात तर आतले स्नायू कायमचे जातात.

आणि शेवटची पायरी इम्प्लांट. आत दोन दांड्या बसवतात, वाकवता येणाऱ्या किंवा पंपाने फुगणाऱ्या. फुगणारे परदेशी इम्प्लांट लाखांत जातात, पण वाकणारं, मुंबईच्या डॉ. रूपिन शहांच्या नावाने ओळखलं जाणारं भारतीय इम्प्लांट त्यामानाने खूप स्वस्त पडतं. एकदा बसवलं की परतीचा रस्ता नाही, नंतर गोळ्या-इंजेक्शन कामाची राहत नाहीत. शुगर जास्त असताना ऑपरेशन केलं तर इन्फेक्शनचा धोका, म्हणून आधी एचबीएवनसी खाली आणायला सर्जन सांगतात. योग्य पेशंटमध्ये मात्र नवरा-बायको दोघंही समाधानी असतात. शॉकवेव्ह आणि स्वतःच्या रक्ताच्या प्लाझ्माची इंजेक्शनं याची पॅकेजेस सध्या जोरात विकली जातायत, शॉकवेव्हचा सौम्य तक्रारीत थोडाफार उपयोग दिसलाय, प्लाझ्माबद्दल भरवशाचा पुरावा नाही. कर्ज काढून कोणी करू नये.

एक गोष्ट काही पेशंट वेगळी सांगतात, कडकपणा ठीक आहे पण वीर्यच बाहेर येत नाही, आणि नंतरची लघवी गढूळ होते. मूत्राशयाच्या तोंडाच्या नसा शुगरने खराब होऊन तिथला स्नायू सैल पडला की वीर्य उलट मूत्राशयात जातं. त्याने अपाय काही नाही, मूल हवं असेल तरच उपचार लागतात आणि ते आहेत. कडकपणाच्या वेळी लिंग वाकडं होत असेल, आत गाठ लागत असेल तर तेही दाखवा, तो वेगळा आजार आहे आणि शुगरवाल्यांत जास्त दिसतो.

राहिला बायकोचा प्रश्न. दीड वर्ष तुम्ही टाळताय, पाठ करून झोपताय, तिला कारण माहीत नाही, मग तिने काय समजायचं? बाहेर कोणीतरी आहे असंच वाटणार, किंवा मी आता आवडत नाही असं. अवघड भाषण तयार करू नका. "शुगरमुळे माझ्या नसांवर परिणाम झालाय, तू आवडतेस, पण शरीर साथ देत नाहीये, डॉक्टर म्हणालेत उपाय आहे" एवढं एका वाक्यात सांगा, अंथरुणावर नको, चहा पिताना सांगा. तिचंही विचारा. तिचं वय पंचेचाळीसच्या पुढे असेल तर पाळी जाण्याच्या काळात कोरडेपणा येतो, दुखतं, त्यामुळे तीही टाळत असेल आणि दोघंही एकमेकांमुळे असं समजत असाल. साधं पाण्याचं लुब्रिकंट मेडिकलमध्ये मिळतं, खोबरेल तेल कंडोमबरोबर वापरू नका, कंडोम फाटतो. आणि औषधाचे पहिले काही दिवस पूर्ण संबंध व्हायलाच हवा अशी अट ठेवू नका, नुसती जवळीक असू द्या, त्याने ती आतली भीती कमी होते आणि गोळीलाही वाव मिळतो.

पुढच्या व्हिजिटला दोघं मिळून जा. जाताना जुने रिपोर्ट, बीपी-शुगरच्या गोळ्यांची पाकिटं, मेडिकलमधून आणलेली सिल्डेनाफिलची पट्टी आणि कुठलं चूर्ण घेतलं असेल तर तेही, सगळं एका पिशवीत घालून न्या आणि गेल्या गेल्या टेबलावर ठेवा.